आत्याशिवाय वर ओळखायचा कुणी?

कालुंगू, ३ मार्च १९९४

चि. सौ. कां. नाकितेंदे हिस, पेर्पेतुआ आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कार्यासाठी माझी नवी गोमेसी शिवून आली. घालून बघताना शिंपीण म्हणाली, डाव्या छातीला खळी पडलीय. म्हटलं, गालाची वाट चुकली असेल! आत गाठ आहे. नाताळात शेंगदाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी. दुखत मुळीच नाही, म्हणजे काळजीचं काही नसावं. कार्य उरकलं की बघू. पाहुण्यांच्या घोळक्यातून तुझा नवरदेव लुक्वागो ओळखून पुढे आणायचा मान बापाच्या बहिणीचा. तो सोडून इस्पितळात कोण लोळेल? तुझ्या बापाला मात्र बोलू नकोस.

आहे ती माया राहू दे.
तुझी आत्या

कंपाला, ११ मार्च

ती. आत्यास, नाकितेंदेचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तडक इथल्या सिस्टरकडे गेले. ती म्हणाली, दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका; कडक गाठ आणि आत ओढलेली कातडी, कॅन्सर असू शकतो. सुई घालून तपासल्याशिवाय नक्की कळत नाही. आत्या, मला फार भीती वाटतेय.

बाबांना सांगितलं. लुक्वागोच्या घरीही कळवलं, की आत्या तपासून येईपर्यंत कार्य नाही. तू नसलीस तर वर ओळखणार कोण? शीर सलामत तर पगडी पचास. शुक्रवारी बाबा न्यायला येताहेत. हवं तेवढं रागाव, पण ये.

लेकीवर लोभ ठेव.
नाकितेंदे

इस्पितळातून, २० एप्रिल

चि. नाकितेंदे हिस, भांडखोर पोरी, आशीर्वाद.

सोयऱ्यांपुढे नाक कापलंस म्हणून वाटभर तुझ्या बापाला बोलत आले.

गाठ कॅन्सरचीच निघाली. डावी छाती काढली. पहिल्या दिवशी तिकडे बघवेना, खूप रडले. काखेतही पोचलाय. औषधं सुरू होतील, पण डॉक्टर वचन देत नाहीत. नाताळातच आले असते तर, असं विचारलं, तेव्हा त्यांनी औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली.

शेजारच्या खाटेवरच्या बाईची गाठ लहान असतानाच निघाली. उद्या घरी चाललीय. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? तूही स्वतःला चाचपत जा, आणि काही लागलं तर माझ्यासारखी गंमत करत बसू नकोस.

आणि कार्याची तारीख लवकर धर. आत्या बरी झाल्यावर बघू, असं म्हणू नकोस. मला चालता येतंय तोवर धर.

तुझीच,
आत्या