उशिराचं गणित

३ जून, मंगळवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. परदेशी निघालेल्या माणसाने नोंदी ठेवाव्यात.

९ तारखेला आमचं विमान. लेकीचे दिवस भरत आले आहेत. डॉक्टरांनी १४ तारीख दिली आहे. जावयांनी दोन तिकिटं पाठवली, एक हिचं, एक माझं.

लेकीच्या जन्माच्या वेळी मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो होतो. एसटी स्टँडवर गर्दीचा हंगाम होता आणि वाहतूक नियंत्रकाची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. ही गोष्ट हिने पंचवीस वर्षांत फारशी काढलेली नाही. वर्षातून चार-पाच वेळा.

काल फोनवर लेक म्हणाली, बाबा, या वेळी आधी तुम्ही या, मग बाळ येऊ दे. मी शब्द दिला आहे.

संकल्प. एक, आवाज चढवायचा नाही. दोन, रोज एक माळ जप, विमानातसुद्धा. तीन, हिला परदेश प्रवासासाठी तयार करायचं. बिचारी आजवर एकटी कुठे गेलेली नाही.

४ जून, बुधवार. संध्याकाळी ७.००

संकल्प तीन सुरू. बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडून विमानतळ केला. जेवणाचं टेबल म्हणजे काउंटर. मी अधिकारी. कडक आवाजात विचारलं, येण्याचं कारण काय. ही म्हणाली, मुलीचं बाळंतपण, आणि जरा बाजूला व्हा, दूध उतू चाललंय.

नापास केलं. असं उत्तर कुठलाही देश ऐकून घेणार नाही. पुन्हा परीक्षा घेणार होतो, पण तोवर तिने काउंटरवर ताटं मांडली.

६ जून, शुक्रवार. रात्री ८.३०

सामान भरलं. मर्यादा तेवीस किलो. हिची बॅग बावीस. माझी सव्वीस. वजनकाटा जुना आहे.

माझ्या बॅगेत मी १९९८ पासूनची स्टँडची वेळापत्रकं घेतली आहेत, जावयांना दाखवायला. ही म्हणाली, बाळाला वाचून दाखवा, लवकर झोपेल. तीन वर्षांची वेळापत्रकं काढली. उरलेली राहतील म्हणजे राहतील.

झबली, टोपडी, दुपटी माझ्या बॅगेत सुरक्षित राहिली असती. हिने ती स्वतःच्या हातातल्या पिशवीत ठेवली. कारण विचारलं तर सांगितलं नाही.

आवाज दोनदा चढला. एकदा वजनकाट्यावर, तो मी मोजणीत धरत नाही.

८ जून, रविवार. दुपारी ४.००

मेहुणा आला होता. दोनदा परदेशी जाऊन आलाय, त्यामुळे बसतानाही पाय परदेशी पद्धतीने टाकतो. म्हणाला, दाजी, विमानाच्या वेळा बदलतात, मोबाइलवर एक ॲप टाकून देतो, सगळे निरोप येतील. मी म्हणालो, वेळा बदलणं हा माझा सत्तावीस वर्षांचा धंदा आहे, मला तो मोबाइलने शिकवू नये. त्याने ते हिच्या मोबाइलवर टाकलं. बहीण-भाऊ बराच वेळ हसत होते. मी जपाला बसलो.

९ जून, सोमवार. सकाळी ६.०५

विमानतळ. विमान ११.४० चं. ही म्हणते, नऊला आलो असतो तरी चाललं असतं. अजून दरवाजे पुसतायत, हेही तिने दाखवून दिलं. मी वाद घातला नाही. दोघांचे पासपोर्ट माझ्या बनियनच्या आतल्या खिशात आहेत. खिसा मी स्वतः शिवला.

सकाळी ९.५०

तपासणी झाली. खिसा उसवावा लागला. आता गेटपाशी बसलो आहोत. मन प्रसन्न. काचेपलीकडे आमचं विमान नाही.

सकाळी १०.२०

बोर्डावर आलं: उशीर, सुटण्याची वेळ १५.४०.

लोक हवालदिल झाले. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. असे बोर्ड मी आयुष्यभर लिहिले आहेत. यातली आतली गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: प्रवाशांना खरा उशीर कधीच सांगायचा नसतो. खरा सांगितला तर चिडतात, थोडा सांगितला तर बसून राहतात. मी नेहमी वीस मिनिटं सांगतो. चालक-वाहक मला प्रेमाने वीसमिनिटं म्हणतात.

माझं गणित असं: सांगितलेला उशीर गुणिले दोन, अधिक चहापाण्याचा एक तास. चार तास सांगितला म्हणजे नऊ तास. रात्री ८.४०. त्याआधी हे विमान हलत नाही.

हिला सांगितलं. ती म्हणाली, अहो, हे तुमचं स्टँड नाही.

सकाळी ११.१५

काउंटरवरच्या मुलीला जाऊन भेटलो. आपण एकाच धंद्यातले आहोत अशी ओळख करून दिली. आवाज खाली आणून विचारलं, खरी वेळ काय. ती म्हणाली, काका, बोर्डावर आहे तीच. मी हसलो. तीही हसली. मीही लोकांना अगदी हेच सांगतो. पोरगी तयारीची आहे.

दुपारी १.१०

नवी वेळ, १७.३०. माझं गणित बरोबर चाललं आहे.

ही बातमी मी आधीच सांगितली होती हे शेजारच्या बाकावर कळलं आणि माणसं माझ्याकडे येऊ लागली. एक निवृत्त बँकवाले, एक दाढीवाले, एक बाई दोन पोरांसह. सगळ्यांना शांत केलं. नऊच्या आत सुटत नाही, निवांत जेवून या, म्हणालो. दाढीवाल्यांनी हात जोडले. सात-आठ माणसं उठून गेलीसुद्धा. मग उरलेल्यांची मी रांग लावली. रांग कशासाठी, असं बँकवाल्यांनी विचारलं. रांग असली की माणसाला आपण कुठेतरी पोहोचतोय असं वाटतं.

काउंटरवरच्या मुलीने येऊन सांगितलं, काका, तुम्ही बसा.

ही दुसऱ्या बाकावर जाऊन बसली आहे, तिचा-माझा काही संबंध नसल्यासारखी.

दुपारी २.४५

दुसऱ्या टोकाला प्रार्थनेची खोली आहे असं कळलं. सगळ्या धर्मांसाठी एकच, आत काही नाही, फक्त सतरंजी आणि शांतता. घोषणासुद्धा ऐकू येत नाहीत. आजची माळ राहिली आहे. हिला म्हणालो, चल. ती म्हणाली, मी गेट सोडणार नाही, आणि तुम्हीही सोडू नका. नंतर म्हणाली, जायचंच असेल तर माझा पासपोर्ट माझ्याकडे द्या.

कशाला हवा ते कळेना. पण संकल्प एक आठवला. दिला. सोबत कागदावर सूचना लिहून दिल्या: जागेवरून हलू नये, अनोळखी माणसाशी बोलू नये, काही अडलं तर माझी वाट पाहावी.

दुपारी ३.०५

प्रार्थनेची खोली. मोबाइल बंद केला. देवासमोर तो चालू ठेवणं बरं नाही.

आमच्या गावच्या शाळेत घड्याळ नव्हतं. पायरीवरची सावली तिसऱ्या फरशीला टेकली की गुरुजी घंटा द्यायचे. ढगाळ दिवशी शाळा सुटायचीच नाही, आणि आम्ही बसून असायचो. वाट पाहण्याचं शिक्षण मला तिथे मिळालं. या विमानतळावर माझ्याइतकं शिकलेलं कुणी नसेल.

देवाजवळ एवढंच मागितलं, की बाळाच्या आधी पोहोचव.

संध्याकाळी ५.३५

माळ फार एकाग्रतेने झाली. सफाईवाल्या बाईंनी खांद्याला हलवलं तेव्हा भान आलं. घोरणं नव्हतं ते, ओंकार होता. तसं त्यांना सांगितलं.

संध्याकाळी ७.२०. विमानतळावरचं एक ऑफिस

घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

गेटवर गेलो तर बाक रिकामे. बोर्डावर दुसऱ्याच गावाचं नाव. आमच्या बाकावर आपला जेवणाचा डबा आणि त्याच्याभोवती तीन सुरक्षारक्षक. डबा माझा आहे, असं म्हणालो. ते म्हणाले, इकडे या. डब्यावर पाऊण तास गेला. आधी त्यांनी तो मला उघडायला लावला, ते स्वतः लांब उभे राहिले.

मग काउंटरवरची मुलगी आली. विमानकंपनीला दुसरं विमान मिळालं म्हणे. पावणेचारला लोकांना चढवायला सुरुवात, पाचला उड्डाण. माझ्या नावाची घोषणा अकरा वेळा झाली. दाढीवाले आणि त्यांची मंडळी धावत आली, त्यांना विमान सापडलं.

मी तिला धंद्यातला माणूस म्हणून सुनावलं. एकदा जाहीर केलेला उशीर कमी करायचा नसतो. प्रवाशांचा विश्वास उडतो. सत्तावीस वर्षांत मी एकदाही केला नाही. तिने पाणी दिलं.

हिच्याबद्दल ती म्हणाली, काकू शेवटपर्यंत दारात उभ्या होत्या, येतील, दोनच मिनिटं, असं म्हणत होत्या. तुम्हाला फोन लावत होत्या. मग त्यांनी विचारलं, मी थांबले तर विमान थांबेल का. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग मी निघते, मुलगी वाट बघतेय. आणि डबा बाकावर ठेवलाय म्हणून सांगायला सांगितलं.

मोबाइल चालू केला. हिचे चौदा फोन.

एक मात्र खरं. माणूस चढला नाही तर त्याचं सामान उतरवावं लागतं, तसा नियम आहे. माझी बॅग शोधायला त्यांना अठरा मिनिटं लागली. म्हणजे आज या विमानाला झालेला शेवटचा उशीर माझ्या नावावर आहे.

१० जून, मंगळवार. सकाळी ७.००

घरी. काल मेहुण्याने आणलं. रस्त्यात थांबून मला चहा पाजला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

काळजी हिची. मध्ये एका परक्या विमानतळावर विमान बदलायचं आहे. तिला ना भाषा येत, ना नकाशा कळत. काउंटरवर ती नापास झालेली बाई आहे. नक्कीच कुठेतरी बाकावर बसून माझी वाट पाहत असेल. सूचनेत तसं लिहिलं आहे.

पुढची रिकामी जागा १६ तारखेला मिळते आहे. हंगाम आहे म्हणे. घेतली.

सकाळी ११.३०

ही पोहोचली. लेकीच्या घरून फोन आला. विमान बदलताना काही अडलं का, असं विचारलं. म्हणाली, नाही, बाणांच्या मागे मागे गेले. अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं तेव्हा तिने झबलं काढून दाखवलं. त्याने शिक्का मारला. शेजारच्या खिडकीवरच्याला दाखवायलाही मागून घेतलं.

अशाने शिस्त राहत नाही.

११ जून, बुधवार. सकाळी ९.००

शांतपणे विचार केला. काही बिघडलेलं नाही. १४ ही डॉक्टरांनी बाहेरच्यांना सांगितलेली तारीख. पहिलटकरणीला उशीर होतोच. माझ्या गणिताने १८ किंवा १९. मी सतराला पोहोचतो. म्हणजे दिवसभर हाताशी.

लेकीला हे फोनवर समजावलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही घाई करू नका. सावकाश या. फार प्रेमाने म्हणाली.

१२ जून, गुरुवार

मुलगी झाली. दोघी सुखरूप. देवासमोर दिवा लावला.

फोन हिचा होता. रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. मी किती वाजता झाली ते विचारलं, नोंदीसाठी. ही म्हणाली, घड्याळाकडे बघायला कुणाला सवड होती, पण तुमच्याकडे दुपारच असेल, तीन-साडेतीनच्या सुमाराची. मग लेकीने बाळ फोनजवळ धरलं. ते रडलं. मी हॅलो म्हणालो.

फोन ठेवल्यावर दुपारी साडेतीनला मी काय करत होतो ते आठवून पाहिलं. टेबलाशी बसलो होतो. विमानकंपनीला पत्र लिहीत होतो, उशीर कसा जाहीर करावा याबद्दल. चौथं पान चाललं होतं.