गुंडूमामाचा बोळ

शाहूपुरी, २ नोव्हेंबर १९९८
आजपासून गुळाच्या या गोदामाचा व्यवस्थापक झालो, आणि पहिल्याच दिवशी अत्यंत गांभीर्याने तक्रार नोंदवतो की इथे चहात साखर नको म्हटले की गूळ घालतात. बाकी झकास. हमालांचा मुकादम जोतीराम दणकट आणि तोंडाळ. मला संस्कृत येते हे कळल्यापासून 'शास्त्रीबुवा' म्हणतो आणि म्हैस कधी वेणार ते विचारतो. मालक विश्वजितरावांनी स्पष्ट सांगितले आहे: याच छपराखाली जास्त माल मावला नाही तर गोदाम जयसिंगपूरला हलणार. म्हणजे इथल्या बारा हमालांच्या चुली विझणार. ते मी होऊ देणार नाही.

५ नोव्हेंबर
गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या भिंतीलगत घेतल्या, उंची वाढवली, आधी जाणारा माल दाराशी आणला. जागाच जागा. फक्त मधल्या थप्पीत माणूसभर रुंदीचा बोळ रिकामा ठेवतात. जोतीरामने कारण सांगितले. मागे थप्पी कोसळून गुंडू नावाचा हमाल तिथे गाडला गेला. हाका मारत होता, पण आत शिरायला वाट नव्हती. तेव्हापासून ती जागा त्याची. "गुंडूमामा हाय तिथं. त्येच्या जागंत रवा ठेवायचा न्हाय." वैशेषिक दर्शनवाले अभावालाही, म्हणजे नसण्यालाही, पदार्थ मानतात, हे खरे; पण मालक मानत नाहीत. उद्या बोळ भरणार.

६ नोव्हेंबर
हमालांनी हात लावला नाही. मीच गुळाचे रवे रचले. कंबर गेली, तत्त्व राहिले.

७ नोव्हेंबर
सकाळी बघतो तर बोळ शेजारच्या थप्पीत सरकलेला. तेवढाच रुंद. एकही रवा खाली पडलेला नाही, माल सगळा जागेवर. कुणाची तरी थट्टा. जोतीराम म्हणाला, "त्येला जागा लागती की, शास्त्रीबुवा. माघारी द्या." दिली नाही. भरला.

९ नोव्हेंबर
मालक येऊन गेले. मावलेला माल बघून खूश. गोदाम इथेच राहील म्हणाले. आता माघार कशी घ्यायची?
बोळ माझ्या टेबलामागच्या थप्पीत आला आहे.

११ नोव्हेंबर
भर दुपारी आतून हाक. हळू, आदबीने. "या पावणं, जागा हाय की." विनापरवाना प्रवेश बंद आहे, असे मी बजावले. बोळ पुढे सरकला— खुर्चीला टेकला.

१२ नोव्हेंबर
आत शिरलो. एका फटीला भिऊन बाराजणांच्या भाकरीवर पाणी सोडायचे नाही. मागे वळलो तर वाट नाही— रवेच.
वर पत्र्यातल्या काचेतून उजेड येतो. तेवढ्यात लिहितो. आता दोघांची जागा सोडावी लागेल, तेवढा माल कमी—
बाहेर जोतीराम रवे ओढतो आहे. खालचे काढू नकोस, थप्पी अंगावर येईल, असे ओरडलो. त्याला ऐकू जात नाही. पलीकडून कुणीतरी माझ्याच आवाजात त्याला बोलावते आहे—
माझे काय व्हायचे ते होवो. खरी काळजी एकच. जोतीराम मला काढायला आत येतो आहे, आणि त्याच्या मागे रवे—