सुलतान आणि प्रभाग नऊचा उमेदवार

३ ऑक्टोबर
लातूरहून रॉटवायलर आणला. नाव सुलतान, वजन पंचेचाळीस किलो. अख्ख्या अंबाजोगाईत असा कुत्रा नाही. यंदा नगरसेवकपदाला उभं राहायचंच. मग प्रभागात माणसाचा वचक पाहिजे. सौ. विजयमालाचं म्हणणं, कावून आणलं हे? आपल्या घरी चोर आला तर त्यालाच चहा पाजून लावून द्यावं लागंल. तिला राजकारण कळत नाही.

५ ऑक्टोबर, सकाळी ६
ट्रेनिंग सुरू. यूट्यूबवाला म्हणतो, एकवीस दिवस लागतात. मी अकरात उरकणार. जातिवंत असल्याने ऑर्डर इंग्रजीतच. चाळीस वेळा ‘सिट’ म्हणालो. शेवटी पाय दुखले म्हणून मीच बसलो. उद्या बसेल.

९ ऑक्टोबर
मॉर्निंग वॉक. आम्ही निघालो की गल्ली रिकामी. लोक मानायला लागलेत! सुलतान पुढे, मी मागे, जवळपास आडवा. खांदा ठणकतोय. डंबेल्स आणायचे.

१६ ऑक्टोबर
दूधवाला पंडित दूध कोपऱ्यावरच्या पानटपरीत ठेवून जातो. पेपर गच्चीवर पडतो. पूर्वी दारात चपला मावत नसत. आठवड्यात एक जोड दिसला नाही. प्रभागाला शिस्त लागली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
बहीण सत्यभामा घाटनांदूरहून आली. गेटबाहेरूनच ओवाळलं. मी आतून मान काढली, टिळा नाकाला लागला. रिक्षावाल्याने इंजिन बंदच केलं नव्हतं. सुलतान भुंकला तशी ती ताटासकट रिक्षात बसली. म्हणाली, दादा, पुढल्या साली तूच ये, एकटा. विजयमालाने करंज्यांचा डबा झाकला आणि दिवसभर जेवली नाही. पित्त असावं.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
किरकोळ प्रसंग. शेजारच्या छबुबाईंची नात संस्कृती, दुसरीतली, ट्यूशनहून येत होती. सुलतान झेपावला. मी साखळी सोडली नाही, हे नमूद करतो. पंधरा फूट पोटावर घसरत गेलो, मग साखळीच निसटली. पोरीने दप्तर फेकलं आणि उभ्या ट्रॅक्टरवर चढली. दप्तराच्या चिंध्या. पोरगी सुखरूप. विजयमालाने भाकरी दाखवून सुलतानला आत नेलं. परिस्थिती पूर्ण नियंत्रणात होती. कोपर सोललंय, म्हणून अक्षर असं.

३ नोव्हेंबर
छबुबाई आल्या, गेटबाहेरच थांबल्या. शिव्या देतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. म्हणाल्या, गहिनीनाथ, त्या जनावराला काय बोलावं, त्याला कळत न्हाई. तुला तर कळतंय न्हवं? मी गेटची कडी तपासली. आत विजयमाला म्हणाली, हात दाखवून अवलक्षण.

५ नोव्हेंबर
लातूरवाल्याला फोन केला. विकलेला माल परत घेत नाही म्हणे.

८ नोव्हेंबर
सुलतानला मुसकं घातलं, दुहेरी साखळीने बांधला. पांढरे कपडे घालून प्रचाराला एकटाच निघालो. पहिलं घर छबुबाईंचं. सोबत नवं दप्तर, गुलाबी. संस्कृती ओट्यावर खेळत होती. मला बघितलं आणि किंचाळत आत पळाली. कुत्रा नाही गं बाळा, बघ, मी एकटाच आहे, असं सांगत राहिलो. आतून कडी लागली.

दप्तर ओट्यावर ठेवून परत आलो. लई वाईट वाटलं. उद्या अर्जाची शेवटची तारीख. भरणार नाही. सात वर्षांची पोर मला घाबरते. तिच्या आजीकडे मत कोणत्या तोंडाने मागू?