सतरावा नंबर

३ जून
आले एकदाची! एकशे अठरा वर्षांचं सरकारी मुलींचं हायस्कूल, आणि मी तिथली सगळ्यांत नवी बाई. आठवी अ माझा वर्ग. माझी लेक ठकूही त्यातच. आईच वर्गशिक्षिका म्हणून तिने सकाळपासून तोंड फुगवलंय. फुगव बाई! तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, रुसायचं तरी कुणावर?

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, स्वतः शाळा दाखवली. दगडी जिना मधोमध झिजलाय, पितळी घंटा लख्ख. व्हरांड्यात दर वर्षीचे वर्गाचे फोटो, आणि प्रत्येकात पहिल्या रांगेत एका मुलीपुरती जागा रिकामी. परंपरा आहे म्हणाल्या.

५ जून
हजेरीपट मिळाला. सतरा नंबरपुढे नाव नाही. मोठ्या बाईंनी बजावलं, नंबर पुकारायचा, नाव मात्र लिहायचं नाही. मी सतरा म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात 'हजर' म्हणतो. हसू आवरेना मला.

शिपाईमामांनी जिन्यात गोष्ट सांगितली. शाळेच्या पहिल्याच वर्षी सतरा नंबरच्या मुलीला एका सरांनी शिक्षा म्हणून नकाशांच्या कपाटात कोंडलं होतं. नेमकी तपासणी आली, आणि सरांच्या धाकाने मैत्रिणी चार दिवस तिच्या नंबरला 'हजर' म्हणत राहिल्या. पाचव्या दिवशी कपाट उघडलं. बिचारी पोर! तिचं नावसुद्धा आता कुणाला ठाऊक नाही.

९ जून
ठकूचा दाखला उशिरा आला, म्हणून तिला यादीच्या शेपटाला बेचाळीस नंबर द्यायचा, आणि मध्ये हे भोक तसंच ठेवायचं? मला असला गबाळेपणा खपत नाही. तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, झोकात सतरावर लिहून टाकलं.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी पट बघितला. कुणी रागावलं नाही. उलट मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. किती चांगली माणसं आहेत!

१६ जून
सतरा पुकारला. ठकूने तोंड उघडायच्या आत सगळ्या 'हजर' म्हणाल्या. मी चांगलंच झापलं, पण एकीनेही मान वर केली नाही. ठकू घरी येऊन रडली. धक्का मारला तरी मुली वळून बघत नाहीत म्हणे. मी म्हटलं, नवीन आहेस, होईल सवय.

२१ जून
ठकूला ताप. घरीच ठेवलं. तरी पटावर हजर! गणिताचे सर म्हणाले, होती की वर्गात.
पळत घरी आले. अंथरुणात होती. पण माझी हाक तिला लांबून येते म्हणाली. लाकडापलीकडून आल्यासारखी.

२४ जून
पटावरचं नाव उडालं. घरी ठकूचं अंथरूणही रिकामं. मोठ्या बाईंचे पाय धरले. शांतपणे म्हणाल्या, कपाटातल्या मुलीला एक नाव मिळालं की बाकीच्या मुली काही वर्षं तिच्या तावडीतून सुटतात. लिहू नका असं आम्ही सगळ्या नव्या बाईंना सांगतो. ज्यांना टापटिपीचा सोस, त्या लिहितातच. तुमचा अर्ज किती नीटनेटका होता! म्हणून तर घेतलं तुम्हाला.
लेक परत हवी असेल तर सत्तावीसला वर्गाचा फोटो आहे, त्याच्या आधी भर वर्गात तिला पूर्ण नावाने हाक मारा म्हणाल्या. सांगताना हसत होती मेली.

२५ जून
नाव— जिभेवर येतं आणि जातं. माझ्या पोटची पोर! तेरा वर्षं नुसतं ठकू ठकू केलं. शाळेतला दाखला कोरा. ही वही पहिल्यापासून चाळली. ठकू. ठकू. एकदाही पूर्ण नाव लिहिलं नाही मी. एकदाही—

२६ जून
उभी राहिले. सतरा पुकारला. ठकू पहिल्या बाकावर, ओठ हलवत होती, मलाच नाव सांगत— ऐकूच येईना— सगळ्या म्हणाल्या 'हजर'. आणि मी— माझ्याही तोंडून तेच—

२७ जून
फोटो झाला. पहिल्या रांगेत जागा सोडली. मोठ्या बाई म्हणाल्या, हसा बाई, आणि मी हसले. नकाशांच्या कपाटात दिवसभर टकटक चालू होती. उंदीर झालेत, मामांना सांगायला हवं.
घरी दोन ताटं कशी मांडलीत कोण जाणे. ही वही चाळतेय. अक्षर तर माझंच. पण ही ठकू कोण, ते काही—