मेपल कोर्टचा जल्लाद

१६ सप्टेंबर २००७, रविवार
१४ ऑक्टोबरला बेसबॉल. पिस्कॅटवे गावाच्या या टोकाचं आमचं मेपल कोर्ट विरुद्ध त्या टोकाचं रिव्हर ग्लेन. यंदा त्यांची हाडं मोडायची, ठरलं. त्यांच्या फर्स्ट बेसवर, म्हणजे बॉल मारून पळत जिथे पोचायचं तिथे, प्रसाद असतो, माझ्या बायकोचा, गिरिजाचा, सख्खा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी मॅचमध्ये माझ्या कोपरानं त्याचं नाक फुटलं. चूक नाकाची. पण तो भाऊबीजेला आला नाही आणि बायको निरांजन लावून बसून राहिली. गिरिजाचं म्हणणं, खेळ हवं तर, पण यंदा माझा भाऊ पाटावर बसलेला दिसला पाहिजे. शब्द दिला.

१९ सप्टेंबर
यँकीज-मेट्स मॅचच्या आधी टीव्हीवाले आठवडाभर युद्ध पेटवतात. आपणही पेटवावं. इथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर ‘खास प्रतिनिधी’ या नावानं लेख दिला: ‘मेपल कोर्टचा जल्लाद सज्ज’. जल्लाद म्हणजे मी. वेबसाइट सांभाळणाऱ्या सुहासिनीकाकू म्हणाल्या, रक्त जरा कमी करा, खाली बालवाडीची जाहिरात आहे. एक वाक्य काढलं.

२८ सप्टेंबर
दुसरा लेख: ‘रिव्हर ग्लेनचे मुडदे मोजायला या’. स्वतःच वाचून अंगावर काटा आला. हॉलमध्ये स्विंगची प्रॅक्टिस. लॅम्प ठार, टीव्ही जखमी. गिरिजानं काचा गोळा केल्या. दहशत बसली असावी.

६ ऑक्टोबर
बॅटिंग केजमध्ये बॉल फेकणाऱ्या मशीनचा एक बॉल बरगडीत बसला. मशीनला लाथ घातली. अंगठा सुजला. तिसरा लेख: ‘जल्लादापुढे मशीन नमलं’.
आमचा पिचर, म्हणजे बॉलर, अरुण म्हणाला, बॉल मारला की बॅट टाकून पळायचं, हे क्रिकेट नाही. मला शिकवतो. नागपूरला अंडर-नाइन्टीनच्या ट्रायलला गेलेला माणूस आहे मी.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ, इमर्जन्सी रूम
तीनदा बॅटला बॉल न लागता स्ट्राइक आउट. ऊन डोळ्यांवर होतं. चौथ्यांदा बॉल कडक लागला. सुसाट पळालो. बॅट हातातच. बेस जवळ आला तसं लहानपणापासूनच्या सवयीनं वाकून बॅट पुढे टेकवायला गेलो, क्रीजमध्ये टेकवतात तशी. मध्ये प्रसादची नडगी होती. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या ग्राउंडला ऐकू गेला.
त्यांच्या गुरुनाथनं माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी त्याचं डोकं बगलेत दाबलं. मग अरुणनं मला मारलं, आमच्याच टीमचा असून. एक दात गेला. अंपायरनं वर मलाच बाहेर काढलं. निव्वळ पक्षपात. १९-१ हरलो.
गिरिजा अँब्युलन्समधून भावाबरोबर आली. मी मागून ड्राइव्ह करत आलो.

१७ ऑक्टोबर
चौथा लेख: ‘दोन्ही बाजूंची हानी’. काकूंनी छापला नाही. मीडिया दबावाखाली आहे. प्रसादला फोन केला. बेसवर नेमकं कुठे उभं राहू नये ते समजावणार होतो. उचलला नाही. भाऊबीजेपर्यंत राग उतरेल. पाट मी स्वतः पुसून ठेवीन.

११ नोव्हेंबर, भाऊबीज
पाट पुसला. प्रसाद आला नाही. पाय प्लास्टरमध्ये, जिना उतरता येत नाही. गिरिजानंच तबक घेतलं, मी गाडी काढली. रिव्हर ग्लेनच्या पार्किंगमध्ये म्हणाली, तू वर येऊ नकोस. थंडीत बसून राहिलो. वर खिडकीत गुरुनाथ, अरुण, सगळे दिसत होते. आमचा अरुणसुद्धा.
ती खाली आली. विचारलं, लेखांमुळे अजून चिडलाय का? ती म्हणाली, कसले लेख, त्यानं एकही वाचलेला नाही, कोणीच वाचलेले नाहीत. मग म्हणाली, ओवाळताना त्यानं विचारलं, ताई, भाऊजींनी मुद्दाम मारलं का गं? आणि मला ‘नाही’ म्हणता आलं नाही.
माझ्याकडे कारणं तयार होती. त्यांतलं एकही न वापरता गाडीतून उतरलो. फार वाईट वाटलं.
मी तिच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. ती मागच्या सीटवर जाऊन बसली.