हाताच्या गिअरची गाडी

मोदेना, ४ एप्रिल

चि. इव्हानो यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या पत्राला उत्तर नाही. कामात बुडाला असशील, म्हणून रागावत नाही.

इथे बारमध्ये सध्या तुझाच विषय. आर्मिदो मला रोज डिवचायचा, की आता स्पोर्ट्स गाड्यासुद्धा आपल्या आपण गिअर बदलतात, तेव्हा नेल्लो, तुझ्यासारख्या जुन्या चाचणी-चालकाला कुत्रंही विचारणार नाही. शेवटी मी सांगून टाकलं, की माझा मुलगा तुरिनच्या कारखान्यात क्लच आणि हाताचा गिअर परत आणतोय. त्याचा चेहरा बघायला हवा होतास! आता म्हणतो, नेल्लोनं गिअर टाकून खरा म्हटलं, तर मी माझी जुनी गाडी देऊन हीच घेणार. त्या गाडीला तो बायकोलाही हात लावू देत नाही, तुला माहीतच आहे.

गाडी लोकांना दाखवाल त्या दिवशी मी आणि आर्मिदो येतोय. आई तुझ्यासाठी डब्यात घरच्या तोर्तेल्लिनी करून देणार आहे.

लोभ आहेच, चार ओळी लिहिल्यास तर वाढेल.

तुझा बाबा

तुरिन, ११ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

फोनवर हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून लिहितोय. बाबा, तुम्ही येऊ नका.

गाडी ऑटोमॅटिकच आहे. दांडा आहे, पण खाली गिअरला जोडलेलाच नाही. नुसत्या तारा आहेत. क्लचच्या पेडलखाली स्प्रिंग आहे. आणि तो खट्ट आवाज स्पीकरमधून येतो. नाताळात मी तुमच्या गाडीत बसून आवाज टिपून घेतला, आठवण म्हणून हवाय असं तुम्हाला सांगितलं, तोच हा. कंपनी याला खोटं म्हणत नाही, ‘गिअरचा अनुभव’ म्हणते. मला मात्र आरशात बघवत नाही. आर्मिदोकाकांना काहीतरी सांगून थांबवा.

आईस नमस्कार. रागावलात तरी माया असू द्या.

तुमचा इव्हानो

मोदेना, २ जून

चि. इव्हानो यास आशीर्वाद.

तुझं पत्र आम्ही तुरिनला निघायच्या आधीच मिळालं होतं. आर्मिदोला सांगायला गेलो, तर तो नवा कोट घालून दारात उभा. वाटेत सांगू म्हटलं. तुरिन आलं तरी जमलं नाही.

मग तुझ्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर गाडीत बसवलं. पहिल्यावरून दुसरा टाकला आणि हाताला कळलं, आत काही नाही. खाली उतरलो. साहेबांचा हात तुझ्या खांद्यावर होता, तुझी मान खाली. आर्मिदोनं विचारलं, खरा आहे का. मी हो म्हणालो. तुला वाचवलं असं तेव्हा वाटलं. गिअरच्या बाबतीत या गावात माझा शब्द शेवटचा मानतात, इव्हानो, आणि मी तो असा वापरला. लाज वाटते.

आर्मिदोनं जुनी गाडी दिली, ही घेतली. मी जुनी परत सोडवायला गेलो तोवर ती परगावी विकली गेली होती. त्याला खरं सांगायचं अजून धाडस नाही. तो रोज सकाळी दाराशी येऊन हॉर्न वाजवतो, मला शेजारी बसवून टेकडीवर नेतो. प्रत्येक वळणावर गिअर टाकतो आणि लहान पोरासारखा माझ्याकडे बघतो.

मी मान डोलावतो.

तुझ्या आईला यातलं काही कळू देऊ नकोस. माया होती तशीच आहे.

तुझा बाबा