गल्लीतली रबरी नळी आणि बाबांचं मशीन

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलोय, टेबल नाही म्हणून जमिनीवर पालथं पडून लिहितोय.) तुमची कंबर कशी आहे? मामीने दात काढला का, की अजून नुसताच दुखत ठेवलाय? अक्षराला हसू नका, शाळेने हात टेकले तिथे मी काय करणार. इकडे सगळे खुशाल, फक्त बाबा दोन घास कमी जेवतात आणि मला झोप लागत नाही. कारण सांगतो.

आपल्या गल्लीचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहेच. (मागच्या खेपेला तुमची चप्पल ज्या खड्ड्यात राहिली, तो आता वाढत जाऊन शेजारच्या खड्ड्याला मिळालाय.) दरवर्षी आपला अर्ज, दरवर्षी त्यांचं 'बघू'. शेवटी नगरपालिकेचा मोजणीवाला आला, गळ्यात चष्मा, बोलणं गोड, आणि त्याने रस्त्यावर आडवी एक काळी रबरी नळी ठोकली. टोकाला पेटी. चाक नळीवरून गेलं की पेटीतला आकडा पुढे सरकतो. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, पैसे थोडे आणि रस्ते फार, म्हणून जिथे चाकं जास्त त्या रस्त्याला पैसे आधी. मामा, असं माझ्यासमोर बोलायचं असतं का?

मी सायकल काढली. नळीवरून जायचं, कोपऱ्यावर वळायचं, परत यायचं. मग बाकीची पोरं आली. (त्यातल्या भोपळ्याने तर एकाच जागी उभं राहून पुढचं चाक मागेपुढे करायची युक्ती काढली. डोकं आहे त्याला, दिसत नाही एवढंच.) इस्त्रीवाला हातगाडी घेऊन आला, दूधवाला वाट वाकडी करून जायला लागला, आणि समोरच्या आजीबाई दिवसभर नातवाची बाबागाडी फिरवत होत्या, नातू घरी झोपलेला. एरवी पाण्याच्या नळावरून भांडणारी गल्ली जन्मात पहिल्यांदा गुण्यागोविंदाने नांदली.

आणि रस्त्याला मंजुरी आली. एक दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो. दुसऱ्या दिवशी मोजणीवाला फीत आणि पिवळा रंग घेऊन हजर. त्याचं म्हणणं, एवढ्या गाड्या म्हणजे ही गल्ली नाहीच, हा मुख्य रस्ता. मुख्य रस्त्याला पैसे वरून, सरकारातून येतात, नगरपालिकेच्या खिशाला तोशीस नाही. अट एकच, रस्ता रुंद पाहिजे. आता रुंदी आणायची कुठून? त्याने आमच्या बाजूला पाहिलं.

मामा, ती पिवळी रेघ पायरी चढून बाबांच्या शिलाईच्या दुकानात आली आणि मशीनच्या खालून पलीकडे गेली. बाबा कुणाची तरी पँट आखूड करत होते. म्हणाले, "अर्धं दुकान गेलं की गिऱ्हाइकाचं माप रस्त्यात उभं राहून घेऊ." मोजणीवाला हसला, मी नाही हसलो. तेव्हापासून बाबा रोज मशीन थोडं मागे सरकवतात. आता मागे भिंत लागली. (तिथे उजेड पोचत नाही. सुई ओवायला मला हाक मारतात आणि ओवेपर्यंत दुसरीकडे बघत बसतात. त्यापेक्षा एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं.)

शेवटी मीच मोजणीवाल्याला गाठलं. म्हटलं, साहेब, आकडा चुकला असेल, पुन्हा मोजा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बिनघंटीची सायकल तुझीच ना रे?" पण तो तयार झाला. पुढच्या सोमवारी नळी परत लागणार, एकच दिवस. गल्लीला बजावून ठेवलंय की सायकल खांद्यावर घ्या, हातगाडी उचला, नाहीतर घरात बसा. आजीबाई रुसल्यात, त्यांना सवय लागली होती.

बाकी ठीक. मामीला नमस्कार, दाताला आराम पडो.

तुमचाच, दिवटा भाचा

ता. क. - तुम्ही सोमवारीच सामानाचा ट्रक घेऊन इकडे राहायला येताय असं आई म्हणाली. पाया पडतो, ट्रक कोपऱ्यावरच थांबवा. कपाट, पलंग, मामी, सगळं आम्ही उचलून आणतो.

ता. क. दुसरं - मोजणीवाला आत्ताच सांगून गेला, आकडा फारच कमी आला तर गल्लीचं नाव यादीतूनच जाईल आणि खड्डे तसेच राहतील. म्हणजे आकडा मधला पाहिजे. तेव्हा ट्रक कोपऱ्यावर चालू ठेवूनच थांबा. भोपळ्या पेटीपाशी बसेल, मी दुकानाच्या छपरावर. आकडा कमी पडला की मी टॉवेल हलवीन, तुम्ही नळीवरून ट्रकच्या फेऱ्या मारायच्या, टॉवेल खाली येईपर्यंत. सामान उतरवू नका. आणि बाबांना यातलं काही कळता कामा नये.

ता. क. तिसरं - बाबांनी मागे उभं राहून सगळं वाचलं. (पालथं पडून लिहिण्याचा हा तोटा.) मी कान पुढे केला. कान तसाच राहिला. म्हणाले, "पांढरा टॉवेल कोपऱ्यावरून दिसायचा नाही." आता मशीन ओढून पुन्हा दाराशी, उजेडात आणलंय, रेघेच्याही पुढे, आणि अस्तराच्या लाल कापडाला दुमड घालतायत. तेव्हा मामा, टॉवेल विसरा. लाल निशाण बघा.